फानुरिओसाला काय विचारू?

कालिम्नोस,
२६ ऑगस्ट १९६८

प्रिय ताई,

तुझं पत्र आणि मुलांचे फोटो मिळाले. धाकटा थेट आपल्या बाबांवर गेलाय, नाक तर तेच. इकडे सगळं ठीक. सासूबाईंचा दमा वाढलाय. डॉक्टर आता औषधही बदलत नाहीत, यावरून काय ते समज.

उद्या संत फानुरिओसचा सण. आठ वर्षं मी न चुकता त्याचा केक करते. संत्र्याचा रस, दालचिनी, तेल धरून मोजून नऊ जिन्नस. एका केकला एकच मागणं, आणि जे हरवलं ते संत दाखवतोच. मेलबर्नला जाऊन हे विसरली नसशील. पान्तेलीस बेंगाझीला समुद्रातून स्पंज काढणाऱ्या बोटीवरून उतरला तो परत चढलाच नाही, त्याला नऊ वर्षं झाली. गावाला वाटतं, मी नवऱ्याचाच ठावठिकाणा विचारते.

शेजारची थेमेलिना परवा म्हणाली, "तुझा फानुरिओस बहिरा झालाय काय गं?"

बहिरा नाही, ताई. मी विचारलंच नाही. पहिल्या वर्षी कात्री मागितली, सापडली. मग कानातलं. मग शेळी, तीसुद्धा तिसऱ्या दिवशी दारात हजर. म्हणून तर भीती वाटते. विचारलं तर तो सांगेल.

पान्तेलीस जिवंत निघाला तर? त्याचा पट्टा अजून खुंटीवर आहे. त्याचे वळ तू पाहिलेस. मेला असला तर मी चौतिसाव्या वर्षी मोकळी. आत्ता मी ना बायको ना विधवा, काळे कपडे घालावेत की नाही हेसुद्धा कळत नाही. लिहूनच टाकते: मला तो मेलेला हवाय.

आज पीठ चाळताना सासूबाई म्हणाल्या, "यंदा काय हरवलंय गं? सुई?"

मी पीठ चाळतच राहिले.

"मला कळतं सगळं. तो कसा होता तेही कळतं, मीच जन्म दिलाय त्याला. पण दर रविवारी पाद्रीबाबांना प्रार्थनेसाठी नावं सांगताना जीभ अडते बघ. जिवंतांत घालू की मेलेल्यांत? माझे आता थोडेच दिवस राहिलेत. वर गेल्यावर त्याला तिथं शोधू की नको, एवढं विचार माझ्यासाठी."

मी हो म्हटलं. नऊ वर्षांत या बाईनं मला एकदाही माहेरी निघून जा म्हटलं नाही.

तेव्हा उद्या विचारीन. तो कुठे आहे, एवढंच. माझी इच्छा मध्ये आणणार नाही.

पत्र पोचेल तेव्हा उत्तर आलेलं असेल. तरी माझ्यासाठी प्रार्थना कर. कसली, ते मात्र लिहू नकोस. तुझी पत्रं सासूबाईंना मीच वाचून दाखवते.

तुझीच,
आन्थुला