पाण्यात एकटी जायचं नाही

१२ जानेवारी, रविवार
स्ट्रोकला आज महिना झाला. पूलवर मुलींच्या बॅचची हजेरी घेत होते, डाव्या हातातली वही खाली पडली. उचलायला वाकले ती तिथेच बसले. पुढचं शैलाने सांगितलं म्हणून माहीत. शैला म्हणजे माझ्याबरोबरची दुसरी कोच. बाई धीराची, तिनेच रिक्षात घातलं.
आता चालते. तोंड सरळ झालं. डावा हात मात्र पाहुण्यासारखा. सांगितलं तर हलतो, नाहीतर बसून राहतो.
वीस वर्षं लोकांना पोहायला शिकवलं आणि आज केसांना रबर लावता येईना. सुधीरने लावलं. नवऱ्याने घातलेली वेणी!! देवा.

१६ जानेवारी, गुरुवार
ओपीडी. डॉ. पेडणेकर, लहानशी पोरगी, पण बोलते नीट. पुन्हा रक्त घेतलं. सीआरपी वाढलेला आहे म्हणे.
"म्हणजे काय?"
"मेंदूला इजा झाली की शरीरात सूज येते, ताई. ती रक्तात दिसते. तुमची अजून उतरली नाही. अशा पेशंटना पुढे फिट येण्याचा धोका जास्त असावा असं वाटतंय. त्यावरच आमचा अभ्यास चाललाय."
"वाटतंय, की आहे?"
हसली. "अजून वाटतंय."
मग विचारलं, काम काय करता. सांगितलं. हसू गेलं तिचं. "पाण्यात एकटी जायचं नाही."
गोळी का नाही देत मग? तर फिट आलेलीच नसताना फिटची गोळी देत नाहीत. बरं आहे. रोग नाही, औषध नाही, फक्त बंदी.

१९ जानेवारी
सुधीरने माझा कॉस्च्युम लपवला. कपाटावरच्या बॅगेत. मला दिसणार नाही असं वाटलं त्याला!
"अगो, पाण्यात फिट इली तर?"
"आणि जिन्यात आली तर? जिना पण लपव."
रात्री धड जेवला नाही. मला वाईट वाटलं, पण सॉरी म्हटलं नाही.
माझं माहेर मढचं. बाबांची होडी होती. आमच्याकडे पाण्याला भ्यायला कोणी शिकवलंच नाही, आता या वयात कुठे शिकू.

२ फेब्रुवारी, रविवार
गेले. एकटी नाही, शैलाला घेऊन. कंबरभर पाण्यात. तिचा हात माझ्या पोटाखाली, बाकी पूल रिकामा.
उजवा हात ओढतो, डावा नुसता वाहतो. गोल गोल फिरले. शैला हसली, मी पण. मग रडू आलं ते चेहरा पाण्यात घालून उरकलं.
घरी सांगितलं नाही. केस ओले बघून सुधीर म्हणाला, "न्हायलीस?" हो म्हटलं. खोटं कुठे आहे.

२० फेब्रुवारी
पुन्हा रक्त. आकडा थोडा उतरला. थोडाच. डॉ. म्हणाली, सर्दी-खोकल्याने पण वर-खाली होतो, एवढं मनावर घेऊ नका. मग मला सांगता कशाला, बाई?

११ मार्च, मंगळवार
दुपार. सुधीर मरोळला कामावर. मी वाटाणे सोलत होते. डावा अंगठा उडायला लागला. मग बोटं, मग कोपरापर्यंत. मी बघतेय. थांब म्हणतेय. थांबत नाही. शुद्धीवर होते पूर्ण. दोनेक मिनिटं असेल. वाटाणे घरभर.
नंतर हात मेल्यासारखा.
कोणी पाहिलं नाही.
वाटाणे गोळा केले. उसळ केली. सांगितलं नाही तर कोणाला कळणार? उन्हाळी बॅच तीन आठवड्यांवर आलीय.

१२ मार्च
दिवसभर तोच विचार. उन्हाळी बॅचमध्ये चिल्लीपिल्ली असतात. पोहायला न येणारं पोर माझ्या हातावर आडवं असताना हा हात उडाला तर?
संध्याकाळी सुधीर बूट काढत होता तेव्हाच सांगून टाकलं. फेब्रुवारीतलं पोहणं पण. ओरडला नाही. एक बूट पायात तसाच ठेवून बसून राहिला.

१३ मार्च
डॉ. कडे. हीच फिट. एमआरआय बघून म्हणाली, मेंदूतल्या जखमेची जागा या हाताशी जुळते. कागदावर लिहिलं, एपिलेप्सी. गोळी सुरू, सकाळ-संध्याकाळ.
"तुमचा आकडा जिंकला ना?"
"एका माणसावरून काही ठरत नाही, ताई. तुमच्यापेक्षा जास्त आकडा असून काहीच झालं नाही असेही आहेत."
पाणी आता काही महिने बंद. एकटी, दुकटी, कशीच नाही. मग म्हटलं, कायमचं नाही ना? तेवढं लिहून द्या. 'कायमचं नाही' असं लिहा. तिने लिहिलं.
रिक्षात सुधीर हळूच, "मिरगी म्हणू नकोस हां कोणासमोर."
का? चोरी केलीय का मी?

३ एप्रिल, गुरुवार
पूलच्या ऑफिसात गेले. साहेब म्हणे रजा वाढवा, तब्येत सांभाळा. म्हटलं, तब्येत सांभाळतेच आहे, पगार तोंडाने शिकवण्याचा द्या. काठावरून शिकवीन, पाण्यात शैला उतरेल.
"जबाबदारी कोणाची?"
बायकांची बॅच बाहेरच उभी होती. दार उघडं ठेवून मोठ्याने सांगितलं, मला फिट येते. आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, चप्पल-कांदा हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर ॲम्ब्युलन्स. झालं, आता सगळ्यांना माहीत.
एक बाई बॅच बदलून गेली. बाकीच्या राहिल्या. साहेब म्हणे वर विचारतो, तोवर काठावर खुर्चीत बसा.
खुर्चीत बसून कोणी पोहायला शिकवतं का? उभी राहिले.

४ मे, रविवार
अकरा मार्चनंतर फिट नाही. गोळीने झोप येते, चिडचिड होते. डोस बदलू, डॉ. म्हणाली.
आज नवशिक्यांच्या बॅचमध्ये शेवटचं नाव वाचलं आणि वर बघितलं. सुधीर! एकावन्नाव्या वर्षी, नवी चड्डी, पिवळी टोपी. फॉर्म शैलाकडून गुपचूप भरून घेतलेला. हा माणूस मढला येतो तेव्हा गुडघ्याच्या वर ओला होत नाही.
"काय हे?"
"डॉक्टरीण पाण्याला हो म्हणाली तर तुझ्याबरोबर कोण उतरणार? शैला काय रोज येणार?"
"आणि नाही म्हणाली तर?"
"तर मी पोहेन. तू काठावरून बोंबल."
काठाची दांडी धरायला सांगितली, सोडून बसला. नाकात पाणी. वर येऊन "आवशीचो घो!" सगळ्या पूलला ऐकू गेलं. बायका खो खो.
मी शिट्टी मारली. पाय मार. गुडघ्यातून नको, मांडीतून. परत. परत!
गुरुवारी रक्त द्यायचंय.