मयुराचा अर्ज, मुदत एक महिना

गुडगाव, ८ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप अलकनंदाआत्यास,

विनायकचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात घातलाय, तरी पूर्ण समजावा). तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं आणि आता मोबाइलवरचं बारीक अक्षरही तुला स्वच्छ दिसतं, असं नीलाकडून कळलं. आनंद झाला आणि थोडी धास्तीही वाटली, कारण डोळ्यांनी धड दिसत नसताना तू जे करून ठेवलंस तेच मला अजून निस्तरता आलेलं नाही. नीला आणि मी, आम्ही दोघं ठीक आहोत. खोकला आहे, पण इथल्या हवेत त्याला कोणी आजार म्हणत नाही.

मी ऑफिसात नक्की करतो काय, हे तू मागे विचारलं होतंस. लोकांची खासगी माहिती कंपनीकडून भलतीकडे जाऊ नये हे बघणं, एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं. पण आमचे ग्राहक तीन खंडांत, आणि प्रत्येक ठिकाणचा कायदा वेगळा. फार ढोबळ सांगतो. युरोपात आधी कारण द्यायचं, बहुतेक वेळा परवानगी मागायची, मग माहितीला हात लावायचा. कॅलिफोर्नियात आधी घेतात, आणि तुम्ही 'विकू नका' म्हणालात तर थांबतात. आपल्याकडे कायदा झाला, नियमही आले, पण बरीचशी कलमं अजून लागू व्हायची आहेत (पाहुणे स्टेशनवर उतरलेत, घरी पोचायचेत, असं समज). हे सगळं मी गेली नऊ वर्षं तरुण मुलामुलींना समजावून सांगतो आणि ती मान डोलावून जेवायला जातात. बावन्नाव्या वर्षी याहून जास्त अपेक्षा मी ठेवलेली नाही.

तर गेल्या दिवाळीत आमच्या मयुराचा बायोडेटा तुझ्याकडे आला (कसा आला, त्याच्या खोलात आत्ता शिरत नाही). तू तो सेहेचाळीस ग्रुपांवर पाठवलास. तुझी तळमळ मला कळते, पस्तीस वर्षं तू एका नारळावर लोकांची लग्नं जुळवते आहेस. पण फाइल उघडी होती गं! ज्याच्या हातात पडली त्याने ती आपल्या परीने सुधारली. नागपूरला पोचेपर्यंत मयुरा दोन इंच उंच झाली. इंदूरहून ती कथक शिकून आली. स्वतःबद्दलची चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क कायद्यात आहे, पण बरोबर माहिती परक्याने दुरुस्त केली तर काय करायचं, याबद्दल कुठेच काही सापडत नाही.

मला हे कळलं १४ जानेवारीला. इथलं आमचं मराठी मंडळ दरवर्षी बस करून पानिपतला जातं. काला अंबच्या स्मारकाला मी नुकतंच फूल वाहून मागे सरकलो होतो, तेवढ्यात दिल्लीतल्या रोहिणी भागातल्या गिरिजाताईंनी मोबाइल पुढे केला. "अहो, बिल्कुल हिरा मुलगी आहे, देखो तो सही. तुमच्या नात्यात कुणी मुलगा आहे का?" मी पाहिलं. फोटो इतका उजळलेला होता की नाक तेवढं उरलं होतं, आणि मुलीचे वडील केंद्र सरकारात सचिव होते. आत्या, खोटं कशाला सांगू, स्थळ चांगलं आहे असं मी म्हणालो. मग खाली मयुराचा जर्मनीचा फोननंबर दिसला. तो मात्र कुणीही सुधारला नव्हता.

मी मयुराला काही बोललो नाही. वाटलं, आपोआप थंडावेल. २३ तारखेला तिची ईमेल आली. 'बाबा' नाही, 'श्री. विनायक यांस' अशी. माझ्याबद्दल आपल्याकडे कोणती माहिती आहे, ती कुठून मिळवली, कशासाठी ठेवली, कोणाकोणाला दिली, एक महिन्यात लेखी कळवावे. हॅम्बुर्गमध्ये ऐन मीटिंगमध्ये तिला पाच उपवर मुलांच्या आयांचे फोन आले होते, त्यातल्या एकीने पत्रिकेसाठी जन्मवेळेची खात्री करून घेतली. तेव्हापासून ती माझा फोन उचलत नाही. नीलाला म्हणाली, "बाबांशी आता लेखीच."

मी रीतसर अभ्यास केला. युरोपचा आणि आपला, दोन्ही कायदे घरगुती कामासाठी माहिती वापरणाऱ्याला सोडून देतात, आणि कॅलिफोर्नियावाले फक्त धंद्यांना धरतात. सेहेचाळीस ग्रुप म्हणजे घरगुती का, हा प्रश्न एखाद्या न्यायाधीशाला पडेल, पण तुझ्यावर नोटीस बजावण्याची माझी छाती नाही. थोडक्यात, बाप म्हणून मी उत्तर द्यायला बांधील नाही असं म्हणायला भरपूर जागा आहे. एकवीस वर्षांच्या नोकरीत इतकं बिनकामाचं यश मला दुसरं मिळालेलं नाही.

तेव्हा उत्तर द्यायचं ठरवलंय. कृपा करून त्या सेहेचाळीस ग्रुपांची यादी पाठव आणि सगळीकडे 'स्थळ मागे घेतले आहे' असं कळव. 'जमले आहे' असं लिहू नकोस, नाहीतर अभिनंदनाचे फोनही तिलाच जातील.

प्रकृतीला जप. डोळ्यांत थेंब वेळेवर घाल.

तुझा,
विनायक

ता. क. माझा दिवाळीतला मेसेज तू जपून ठेवला असशील, म्हणून मीच सांगून टाकतो. बायोडेटा तू मागितला नव्हतास. मीच टाइप केला, ऑफिसात, संमती या विषयावरचं माझं व्याख्यान संपल्यावर, आणि 'सगळीकडे पाठव, उशीर नको' असंही वर लिहिलं. मयुराला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती, हे मला माहीत होतं.

ता. क. २. यादी नाही मिळाली तरी चालेल. मी अडलोय तो पहिल्याच प्रश्नावर. 'माझ्याबद्दल आपल्याकडे कोणती माहिती आहे?' चार रात्री बसलो. तिची जन्मवेळ आहे, दहावीचे गुण आहेत, कांजिण्या कधी आल्या ते आहे. गेल्या सहा वर्षांतलं जवळजवळ काहीच नाही. बायोडेटात आवड म्हणून गाणं लिहिलं; नीला म्हणते, तिने गाणं कधीच सोडलं. ती दर रविवारी तुला फोन करते, अजूनही करते, तेही मला नीलाकडूनच कळलं. तुझ्यावर ती चिडलेली नाही. या रविवारी तिला जरा विचार, एकटी जेवते का, संध्याकाळी काय करते, तिकडे तिचं मन लागतं का, आणि मला कळव. मी विचारायला सांगितलं, हे तिला सांगू नकोस.

सांगितलंस तरी चालेल.