तिसरं पुस्तक

टोकियो, ११ फेब्रुवारी

सेत्सुताई,

तू पाठवलेला मुरलेला मुळा रोज भाताबरोबर खातो. तब्येत ठीक आहे. बाबांचा खोकला कमी झाला का?

माझी चित्रकथा साप्ताहिकात संपली, ते तू वाचलंच असशील. पण तिचं तिसरं पुस्तक निघणार नाही, कारण दुसरंच खपलं नाही. संपादक कुरामोची म्हणाले, "सेन्सेई, शेवट झकास जमलाय हो. पण पुस्तक छापून गोदामातल्या उंदरांना वाचायला देऊ का?" मीही हसलो. हसावंच लागतं.

तुझ्या सलूनमधली गिऱ्हाइकं पुढच्या पुस्तकाचं विचारतील, त्यांना काहीही सांग.

फक्त साप्ताहिकाचे हिवाळ्यातले अंक रद्दीत देऊ नकोस. माझ्या गोष्टीचा छापलेला शेवट आता तेवढ्यातच उरलाय. की सुतळीने बांधून दिलेससुद्धा?

तुझा धाकटा,
शुहेई