शेजारच्या कुंपणाची घाणेरी

३ सप्टें.
कपिलीनं वैरणीला तोंड लावलं नाही. उन्हात डोळे मिटते, सावलीला पळते. नाकावरची कातडी लालभडक. परवा शेजारच्या विलासरावांनी फार्महाऊसचं कुंपण छाटून फांद्या आमच्या बांधावर फेकल्या. गाय तिथंच चरत होती. मला शंका येतेय...

४ सप्टें.
इंदापूरहून जनावरांचे डॉक्टर आले. पापणी उलटून बघितली, आत हळदीसारखं पिवळं. बांधावरची फांदी दाखवली. पान चुरगाळून हुंगलं. "घाणेरीच ही. नर्सरीत रंगीत फुलांची म्हणून विकतात. विष तेच." सलाइन लावलं. वाचेल का? "आठवडा जाऊ द्या."
माझ्या बोटांचा वास साबणानंही जात नाही. जेवले नाही.

६ सप्टें.
विलासरावांकडे गेले. चहा आला, घेतला नाही.
"वहिनी, फुलं बघा की! पुण्यावनं मागवलीत. लोकं फोटो काढायला थांबत्यात."
"माझी गाय मरायला टेकलीय."
"गाईला कळत न्हाय व्हय, काय खावं ते?"
उठून आले.

८ सप्टें.
आमच्या ह्यांच्याबरोबर गायरानात. पाखरं कुंपणावरची काळी फळं खाऊन बिया तिकडं टाकत असणार. गुडघाभर गवताच्या जागी नुसती घाणेरीची जाळी, खाली हिरवी काडी नाही. हे म्हणाले, पेटवून देऊ. मी म्हटलं, जाळली की आणखी फुटते. मातीखाली टिकाव घालून मूळ तोडायचं, झुडूप उलटं टाकायचं. दिवसभरात एक कोपराही झाला नाही. हात ओरबाडलेले, अंगभर तो वास. शी.

११ सप्टें.
कपिलीच्या नाकाची कातडी पापुद्र्यांनी सुटतेय. खाली ओलं मांस, त्यावर माश्या. कडुलिंबाचं तेल लावलं तरी हटत नाहीत. वासरू ढुशा देतंय. दूध कुठलं.

१३ सप्टें.
विलासरावांची बायको, शैलावहिनी, एकट्याच आल्या. गाय बघून तोंडाला पदर लावला. "आमी काढतो कुंपण. ह्यांला मी सांगते." खाली मान घालून गेल्या. त्यांचा राग येईना.

१५ सप्टें.
निघालं कुंपण. ट्रॅक्टर लावून उपटलं. फळांनी लगडलेली झुडपं ट्रॉलीत भरून नेली. कुठं टाकली? ड्रायव्हर म्हणाला, "क्यानॉलच्या कडंला. आनि कुठं?" ते पाणी खालच्या सगळ्या शिवाराला जातं!
विलासराव फाटकात हात झटकत उभे. "झालं समाधान?"
थुंकावंसं वाटलं.
हे म्हणाले, "आता कुठं निघालीस? गाय मान टाकून बसलीय."
"तिच्याजवळ तुम्ही थांबा."
फळं गोळा करायला गोणपाट घेऊन कॅनॉलवर गेले. पाणी सुटलं होतं.