आईच्या यंत्राची घरघर

बाबा,

टेबलावरच्या पेल्यातलं पाणी सारखं बारीक थरथरतं. आई गेली तरी तिचं ऑक्सिजनचं यंत्र तुम्ही चालूच ठेवलंय, त्याची ही घरघर. कानांत बोळे घातले तरी ती भिंतीतून, उशीतून येते. डोकं जड होतं, तीच ओळ मी पुन्हापुन्हा वाचते. काल प्रयोगशाळेत माझ्याकडून नमुन्यांची अदलाबदल झाली. तुम्ही म्हणता, "शास्त्रज्ञबाई, एवढ्याशा आवाजाचं काय घेऊन बसलात?" पण परवा दुपारी वीज गेली, घर शांत झालं, तेव्हा तुम्ही दचकून उठलात आणि आईला हाका मारत सुटलात. त्यामुळे बटण बंद करायला माझा हात धजत नाही.

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. यंत्र राहू दे चालू. कधीपासून सांगायचं टाळत होते, बाबा, मी दुसरीकडे राहायला जातेय.