विहिरीत सोडलेली अंडी

११ जुलै
आज पोचले. पलूसच्या बाहेर, उसाच्या फडांमध्ये आमच्या संशोधन केंद्राच्या दोन खोल्या आहेत. हाकेच्या अंतरावर बनुबाईंचं घर. त्यांनी पुढची खोली मला भाड्यानं दिली आहे. रहिमतपूरला आप्पांनी गल्लीभर पेढे वाटले. पंक्चर काढणाऱ्याची पोरगी शास्त्रज्ञ झाली, असं सांगत फिरले. मी नुसती पदवीधर सहायक आहे, पण ते मी त्यांना सांगितलं नाही.

बनुबाई मला म्याडम म्हणतात. त्यांचा मुलगा सैन्यात आहे आणि सून संयोगिता सहाव्या महिन्यात. पोरगी लय गोड. माझा चष्मा लावून आरशात बघत सासूला म्हणाली, "आता मी बी म्याडम. आत्याबाई, भाकरी तुमीच थापा."

१४ जुलै
केंद्राचे प्रमुख उदयसिंह सरांनी काम समजावलं. बेडकाच्या अंड्याभोवती पारदर्शक जेलीचे थर असतात. मादीच्या अंगात ते दाट असतात, पाणी लागलं की फुगतात. प्रथिनं, त्यांना लटकलेल्या साखरेच्या साखळ्या, बाकी सगळं पाणी. एवढ्याशा वेष्टनामुळे अंडं वाळत नाही, त्याला बुरशी लागत नाही. प्रथिनांचे धागे गंधकाच्या बंधांनी जोडलेले असतात, टाकेच म्हणायचे. सिस्टीनचं द्रावण ते टाके उसवतं. अंडी त्यात बुडवून बशी हलकेच फिरवायची, थर गळून पडतात. मग लगेच धुवायचं, नाहीतर द्रावण आतल्या पडद्यालाही सोडत नाही.

संध्याकाळी बनुबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजी उघडी करता व्हय त्यास्नी?" मी हसले. पण नंतर जेवताना उगाच पदर सावरल्यासारखी ओढणी सावरत राहिले.

१९ जुलै
आप्पांचा फोन आला. त्यांना माझ्या कामाचं मोठेपण सांगत बसले आणि बशी धुवायची राहिली. सगळ्या अंड्यांचा करडा चिखल झाला.

नियम असा की टाकाऊ द्रावण झाकणाच्या बाटलीत भरायचं आणि सरांना कळवायचं. मी कळवलं नाही. त्यात जीव होता, तो बाटलीत कसा भरायचा, असंही वाटलं. आई देवाची फुलं कधी कचऱ्यात टाकत नाही, निर्माल्य पाण्यातच सोडते. मी ती अंडी द्रावणासकट केळीच्या पानात घेतली आणि बनुबाईंच्या विहिरीत सोडली. हातसुद्धा जोडले. सर काय म्हणाले असते? घरात त्याच विहिरीचं पाणी पितात, हे परत येताना आठवलं. एवढ्या मोठ्या विहिरीत ओंजळभर द्रावण. काही होत नाही.

२६ जुलै
दुधावर साय धरत नाही. कोंबडीनं कवचाशिवाय अंडं घातलं, नुसती मऊ पिशवी. बनुबाईंनी विचारलं तेव्हा मी कॅल्शियमवर भाषण दिलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेजारणीला म्हणाल्या, शिकलेलं माणूस घरात असावं.

३ ऑगस्ट
टोपलीतल्या कांद्यांवर पापुद्रा नाही. बांधावरचा मका कणसं उघडी टाकून उभा आहे, जणू कुणी रातोरात सोलून ठेवला. संयोगितानं हातावर मेंदी काढली होती. भांडी घासताना ती निघून गेली. मेंदीखालची कातडीही थोडी गेली.

मी पलूसहून पाण्याच्या बाटल्या आणते. गादीखाली ठेवते. बनुबाई तांब्या भरून देतात तो मोरीत ओतते. त्यांना मात्र पिऊ देते.

९ ऑगस्ट
इस्लामपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. बाळाभोवतीचं आवरण फार पातळ दिसतंय, झोपून राहा म्हणाल्या. परत आल्यावर संयोगितानं मला विचारलं, त्या आवरणात असतं काय. मी पडदा, पाणी, सगळं समजावलं. ते जाड करायला काय खाऊ, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, विश्रांती घे.

बनुबाई तिला सारखं पाणी पाजतात. आमच्या हिरीचं पानी औषध हाय, म्हणतात.

१२ ऑगस्ट
आज सांगितलं.

खोटं लिहायचं नाही. असं सांगितलं: भूजलात अल्कधर्मी सिस्टीनचा अंश असू शकतो, त्यानं ग्लायकोप्रोटीनचे बंध तुटतात. मुद्दाम असंच बोलले. त्यांना कळलं नाही. बनुबाईंनी मान डोलावली. माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाल्या, "किती जीव लावतीस गं आमच्या पोरीला." मला हायसं वाटलं. मला हायसं वाटलं.

१३ ऑगस्ट
त्यांचा हात जिथून फिरला तिथं गाल ओला आहे. पुसला की आणखी ओला—

विहिरीवर गेले. बेडूक काठावर बसलेत, हलत नाहीत. अंगातून आतलं सगळं दिसतं. धडधडताना दिसतं.

सरांना फोन लावला. उचलला. मी म्हटलं, काम छान चाललंय सर.

१४ ऑगस्ट
संयोगिताला इस्लामपूरच्या दवाखान्यात न्यायला जीप येते आहे. बनुबाई रस्त्यावर वाट बघत उभ्या आहेत. जाताना म्हणाल्या, म्याडम, तुमी बसा हिच्यापाशी, तुमास्नी कळतं.

संयोगिता उशाशी तांब्या घेऊन निजली आहे. लिहीत राहिले की तिच्याकडे बघावं लागत नाही.

बघितलं.

पोटावरून लुगडं सरकलंय. कातडी काचेसारखी. आत ते— अंगठा तोंडात— उजेडाकडे वळलं. ओढणी घातली वर. ओढणीतूनही—

तिनं तांब्या मागितला. म्हणते ताई, घसा सुकलाय.

दिला नाही. का, म्हणते. हसते आहे. ओठ किती पातळ—

आता साध्या शब्दांत. संयोगिता, ते पाणी पिऊ नकोस. तुमच्या विहिरीत मी