दोन डाव्या बाजू

७ जानेवारी
परवा सकाळी काय केलं ते लिहूनच टाकतो. डोक्यात ठेवलं की नुसतं गरगरतं.

सातला कारखाना उघडला. देवाचं नाव घेतलं, लोखंडी नळीखाली बत्ती पेटवली. नळीवर पाण्याचा थेंब टाकला – टुणकन उडाला. म्हणजे तापली. शिसमाची पहिली फळी ओली करून धरली. जाडी दोन मिलिमीटर. जोर लावायचा नसतो. लाकूड हट्ट सोडेपर्यंत थांबायचं. सोडला की तळहाताला कळतं. गिटारीची कंबर सुरेख वळली, मग वरचा गोल, मग खालचा. साच्यात आवळून वाळत ठेवली. दुसरी घेतली. तीही लोण्यासारखी वळली! असा हात वर्षातून एखादाच दिवस चालतो. मी चक्क गुणगुणत होतो.

काल साचे सोडले, दोन्ही शेजारी ठेवल्या. दोन्ही डाव्या!

गिटारीला एक बाजू डावी लागते, एक उजवी. फळ्यांची एक कड पाठीच्या उतारासाठी आधीच तिरकी कापलेली, त्यामुळे उलटसुलट करून भागत नाही. एकाच पायाचे दोन बूट झाले. खूण खडूने केली होती आणि ओल्या फडक्याने मीच पुसली. तीस वर्षं हेच काम करतोय. शिकाऊ माणसाची चूक पन्नाशीला आल्यावर केली.

८ जानेवारी
दुसरं कुठलं लाकूड असतं तर स्वतःला दोन शिव्या घालून नवी फळी घेतली असती. पण हे नर्सबाईंच्या वडिलांचं टेबल. ते शिंपी होते. जन्मभर त्यावर कापड कापलं, गेल्या वर्षी गेले. बाई टेबल घेऊन माझ्याकडे आल्या. "या वयात गिटार शिकतेय, हसू नका. पण बाबांच्या लाकडाची वाजवायचीय."

टेबल किडीने आणि खिळ्यांनी पोखरलेलं. पाठीपुरतं रुंद काही निघालं नाही. ते त्यांना तेव्हाच सांगितलं होतं. चिरून धड अशा दोनच फळ्या निघाल्या. दोनच.

११ जानेवारी
त्याच टेबलाच्या अरुंद पट्ट्या घेतल्या. एक वळवली, वाळवली, पुन्हा सरळ करून उलटी वळवायला गेलो – कडकन! दुसरी घेतली. तीही गेली. एकदा वळलेलं हे लाकूड दुसऱ्यांदा ऐकत नाही. ती दुसरी डावी फळी पुन्हा नळीवर धरायची हिंमत नाही.

१५ जानेवारी
माझ्या माळ्यावर जुनं शिसम आहे. रंग जुळतो, रेषाही जवळपास जुळते. शेजारच्या पॉलिशवाल्याला दाखवलं. "अहो, माझा हात फिरला की लाकडालासुद्धा आठवणार नाही ते कुठलं! सांगून काय साधणार? तुमचं मन हलकं, त्यांचं जड."

कारखान्यात परतलो. उजवी बाजू वळवली. माझ्या लाकडाची. खूण पेन्सिलीने केली.

१६ जानेवारी
प्रार्थनेला बसलो. उठलो. पुन्हा बसलो. पुन्हा उठलो.

२ फेब्रुवारी
बाजू, पाठ, वरची पाटी – सगळं चिकटलं. गिटारीची पेटी छान जमलीय, बोटाने टिचकी मारली की बोलते. मला मात्र जेवण जात नाही. घरची म्हणाली, "ताटात बोटं फिरवताय नुसती. काय झालंय?"
"काही नाही."
"हे आजचं तिसरं काही नाही. डॉक्टरकडे चला, नाहीतर तोंड उघडा. दोन्हीत सोपं असेल ते करा!"
हसलो. तोंड उघडलं नाही.

११ फेब्रुवारी
नर्सबाई ड्यूटी संपवून तशाच पांढऱ्या बुटांत आल्या. तारा लागायच्या आहेत, पॉलिश व्हायचंय, तरी पेटी मांडीवर घेतली. उजव्या बाजूवर तळहात ठेवला, डोळे मिटले. "बाबा याच्यावर कोपर टेकून चहा प्यायचे. हे तेच ना हो?"
मी "हो" म्हणालो.
हो म्हणालो! महिनाभर नुसता गप्प होतो. गप्प बसण्याला पळवाट तरी असते.

१२ फेब्रुवारी
बत्ती पेटवली नाही. कारखाना दोनदा झाडला.

२७ फेब्रुवारी
पॉलिश झालं. दारात उजेडाला धरून फरक शोधला. मलासुद्धा सापडेना. देवाकडे मागायचं तरी काय? त्यांना कळू देऊ नकोस? हे शब्द तोंडातून निघेनात.

जास्तीची डावी बाजू फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलीय. दिवसातून चारदा उघडून बघतो. पॉलिशवाला म्हणतो, "अंडी घालणार आहे का ती?"

४ मार्च
उद्या बाई गिटार न्यायला येणार. आज घरचीला सगळं सांगितलं. मला वाटलं, बोल लावेल, नाहीतर समजूत घालेल. तिने हातातला कपडा घडी करून ठेवला आणि म्हणाली, "लाकूड त्यांचं, वडील त्यांचे. त्यांना काय कळावं ते ठरवणारे तुम्ही आणि तो पॉलिशवाला कोण?"

५ मार्च
सांगितलं. गिटार हातात द्यायच्या आधी. फडकं सोडून ती बाजू त्यांच्यापुढे ठेवली, चूक दाखवली, माळ्यावरचं लाकूडही दाखवलं. बाई ओरडल्या नाहीत. "चुका होतात हो. पण मी विचारलं होतं तुम्हाला." एवढंच. गिटारीला हातही लावला नाही. वाकलेली फळी तेवढी उचलली आणि छातीशी धरून निघून गेल्या.